गच्चीवरची टोळी

दरोड्याच्या सिनेमात मला चोरीत फारसा रस नसतो. मला आवडते ती चोरीआधीची मीटिंग. मोठं टेबल, त्यावर इमारतीचा नकाशा, भोवती सात-आठ जणी, आणि म्होरकी एकेकीला तिचं काम सांगत जाते. हिने कुलूप उघडायचं, तिने कॅमेऱ्यांचं बघायचं, पलीकडचीने झगा शिवायचा. संपलं! कुलूपवालीला कोणी विचारत नाही की बाई, रात्रीच्या भाजीचं काय. कॅमेरेवालीच्या सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या नेमक्या त्याच दिवशी संपलेल्या नसतात. एवढ्या मोठ्या कटात प्रत्येकीच्या वाट्याला एकच काम, आणि ते तिच्याइतकं दुसऱ्या कोणाला जमत नाही हे बाकीच्या सगळ्या जणी तोंडावर कबूल करतात. घरात आम्ही सगळ्यालाच लागतो, त्यामुळे कशात हुशार आहोत हे कोणाच्या लक्षातच येत नाही. पकडले गेलो तरी बेहत्तर, पण अशी एक मीटिंग आपल्याही नशिबी यावी, असं मला फार वाटतं.

हे दुखणं माझ्या एकटीचं नाही. आमच्या जळगावच्या भिशीला ते साथीसारखं लागलं आणि त्याला कारण 2018 सालचा 'ओशन्स एट'. मे महिन्यात सराफीणबाईंच्या गच्चीवर आम्ही तो पाहिला. दिवसभर लाटूनही उडदाचे थोडे पापड राहिले होते, बाजेवर कुरडया वाळत होत्या, आणि सराफीणबाईंच्या नातवाने कुठूनसा आणलेला प्रोजेक्टर भिंतीला लावलेल्या चादरीवर चित्र पाडत होता. चादर फुलाफुलांची होती. त्यामुळे केट ब्लँचेटच्या गालावर शेवटपर्यंत एक जास्वंद राहिली. तिला ती शोभलीही.

सिनेमात आठ जणी मिळून न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधल्या मेजवानीत एका नटीच्या गळ्यातला हिऱ्यांचा हार उडवतात. हार पडद्यावर आला आणि सराफीणबाईंनी लाटणं खाली ठेवलं. त्यांच्या सासरी तीन पिढ्यांचं सोन्याचं दुकान. त्या नुसत्या हाताने तोळे सांगतात, मासाभर इकडेतिकडे होत नाही. "खडे खोटे आहेत," त्या म्हणाल्या. आणि खरंच, सिनेमासाठी कार्तिए कंपनीने तो खोट्या खड्यांचा घडवला होता. पुढची गंमत अशी की त्याचं मूळ डिझाइन 1931 सालचं, नवानगरच्या महाराजांसाठी केलेलं. ज्यांच्या नावाने रणजी करंडक खेळतात, तेच ते रणजितसिंहजी. पुरुषाच्या छातीच्या मापाचा तो हार नटीच्या गळ्यासाठी लहान करून घ्यावा लागला. "म्हणजे आपलाच होता," असं म्हणून सराफीणबाईंनी पुन्हा लाटणं उचललं, आणि चोरीचा नैतिक प्रश्न तिथल्या तिथे निकालात निघाला.

त्या टोळीतली एक बाई चार जणींसारखी संसार करणारी आहे. तिच्या गॅरेजमध्ये छतापर्यंत चोरीचा माल भरलेला, आणि नवऱ्याला तिने सांगितलेलं असतं की मी ऑनलाइन वस्तू विकते. इथे आमची पार्लरवाली इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. आमच्या कॉलनीत दिवाणाखाली साड्यांचे गठ्ठे ठेवून धंदा करणाऱ्या बायका कमी नाहीत. साड्या सुरतेच्या, सचोटीच्या. पण वर्षाची उलाढाल किती, हे वर दिवाणावर झोपणाऱ्या नवऱ्याला आजतागायत कळलेलं नाही.

या टोळीची म्होरकी सुरुवातीलाच बजावते की एकही पुरुष नको, कारण पुरुषाकडे माणसांचं लक्ष जातं आणि बाईकडे जात नाही. हे हॉलीवूडला 2018 साली कळलं. खानदेशातल्या कोणत्याही मंगल कार्यालयात हातात पाण्याचा जग घेऊन एखादी बाई शिरली, तर मुलीकडचे समजतात मुलाकडची, मुलाकडचे समजतात मुलीकडची. ती थेट दागिन्यांच्या खोलीत जाऊन, नवरीची वेणी सारखी करून, जेवून, आहेराचा नॅपकिन घेऊन परत येऊ शकते. 1966 सालच्या 'हाऊ टू स्टील अ मिलियन'मध्ये ऑड्री हेपबर्नही म्युझियममध्ये फरशी पुसणाऱ्या बाईच्या वेषात वावरते. ऑड्री हेपबर्नकडेसुद्धा हातात फडकं आल्यावर कोणी बघत नाही, तिथे तुमची-आमची काय कथा?

आणि टेहळणीचं शिक्षण तर आम्हाला परकरात मिळालेलं. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत खानदेशात भुलाबाई बसते. घरोघर गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेल्या डब्यात खाऊ काय आहे ते ओळखायचं. डबा हलवून आवाज ऐकायचा. खुळखुळला तर दाणे-फुटाणे, धप्प वाजला तर वड्या. पण आमच्या गल्लीतल्या पोरी कानावर विसंबून राहत नसत. एकीने दुपारी वाण्याच्या दुकानात उभं राहून कोणी काय नेलं ते बघायचं, एकीने त्या घरातल्या धाकट्याला फितूर करायचं, एकीने संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीखालून वास घेत जायचं. रात्री आम्ही काजूकतली ओळखली तेव्हा त्या घरच्या काकू पांढऱ्याफटक पडल्या होत्या. बँकेच्या तिजोरीचा आकडा काढणं याहून अवघड असेल असं मला वाटत नाही.

याउलट पुरुषांची कलाचोरी बघा. 21 ऑगस्ट 1911 रोजी व्हिन्सेन्झो पेरुजा नावाच्या इटालियन कारागिराने पॅरिसच्या लूव्र म्युझियममधून मोनालिसा उचलली. तिथे काम केलेला माणूस, तिथल्या कामगारांचा पांढरा अंगरखा घातला आणि निघाला. इथवर झकास. पण पुढे? चित्र दोन वर्षांहून जास्त काळ खोलीतल्या ट्रंकेत ठेवलं, आणि 1913 साली फ्लॉरेन्सच्या एका व्यापाऱ्याला विकायला जाऊन पकडला गेला. दोन वर्षं घरात मोनालिसा आणि सांगायला कोणी नाही! मैत्रीण नसली की माणसाचे असे हाल होतात. (सराफीणबाईंनी विचारलं, गुंडाळून का नाही ठेवली. ती कापडावर नाही, पॉप्लरच्या लाकडी फळीवर रंगवलेली आहे, हे कळल्यावर त्यांना पेरुजाची थोडी दया आली.)

बरं, हे जुनं झालं. 19 ऑक्टोबर 2025 च्या रविवारी त्याच लूव्रमध्ये चोर सामान चढवायच्या शिडीच्या ट्रकने सज्जात चढले आणि आठ मिनिटांच्या आत राजघराण्याचे दागिने घेऊन पसार झाले. पण जाताना महाराणी युजेनीचा मुकुट खाली पडला. 1354 हिरे आणि 56 पाचू! ही बातमी सराफीणबाईंना जिव्हारी लागली. चोरीबद्दल त्यांचं म्हणणं नाही. "पण दागिना हातातून पडतो म्हणजे काय? पदराला गाठ मारता येत नाही?" त्या चोरांना पदर नव्हता, हे त्या जमेस धरत नाहीत.

पुरुषांनी चोरलेल्या चित्रांचं शेवटी होतं काय, तर आई घर आवरायला काढते. ऑक्टोबर 2012 मध्ये रॉटरडॅमच्या कुन्स्टहाल म्युझियममधून पिकासो, मोने, मातिस यांच्यासह 7 चित्रं गेली. चोर रुमानियाचे. पोरगा पकडला गेल्यावर एकाच्या आईने सांगितलं की पुरावा नको म्हणून मी ती चुलीत घातली. पुढे तिने जबाब फिरवला, पण चुलीतल्या राखेत जुने रंग आणि खिळे सापडले म्हणतात. फ्रान्समधला श्टेफान ब्राइटवीझर तर पोटमाळ्यावर शेकड्यांनी वस्तू साठवून बसला होता. 2001 मध्ये तो सापडल्यावर त्याच्या आईने काही ऐवज कालव्यात फेकला आणि चित्रांचे तुकडे करून कचऱ्यात टाकले. कलेच्या जगात या दोघींना खलनायिका मानतात. आमच्या गच्चीवर मात्र थोडी चलबिचल झाली. पोराची खोली एकदा तरी अशी साफ करावी, ही इच्छा कोणत्या आईला झालेली नाही?

बाई स्वतः म्होरकी झाल्याचंही उदाहरण आहे. 26 एप्रिल 1974 रोजी रोझ डगडेल या श्रीमंत घरच्या इंग्रज बाईने आयर्लंडमधल्या रसबरो हाउसचं दार वाजवलं. गाडी बंद पडलीय, असं फ्रेंच ढंगात सांगितलं, आणि मागून तिचे सशस्त्र साथीदार आत घुसले. 19 चित्रं नेली. त्यात फर्मीरचं एक होतं: मालकीणबाई पत्र लिहितायत आणि मोलकरीण मागे हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघत उभी आहे. ही पोरगी तीनशे वर्षं खिडकीतून बाहेर बघतेय, पण चोर येताना दिसले नाहीत! चित्रं काही दिवसांतच मिळाली, डगडेलला 9 वर्षांची शिक्षा झाली. 1986 मध्ये त्याच घरातून तेच चित्र पुन्हा चोरीला गेलं. आमच्या भिशीतल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, दोष मालकिणीचा. ती पत्रातून मान वर काढत नाही, आणि मोलकरणीशी धड बोलत नाही. दोघींचं पटत असतं तर एकदा तरी आरडाओरडा झाला असता. गणित शिकवलेल्या बाईचं चित्रांबद्दलचं मत म्हणून मी हसले, पण नंतर ते चित्र पुन्हा पाहिलं. दोघींची तोंडं खरंच दोन दिशांना आहेत.

आता आपल्याकडचं. लूट आम्हाला परकी नाही. 14 एप्रिल 1944 रोजी धुळे जिल्ह्यातल्या चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी इंग्रज सरकारचा साडेपाच लाखांचा खजिना लुटला. साताऱ्याकडचं प्रतिसरकार आणि इकडचे कार्यकर्ते, अशी ती हातमिळवणी. आमच्या भिशीतली धुळेवाली ही गोष्ट अशी सांगते की जणू गाडीचा नंबर तिनेच टिपून दिला होता. पण नाटकाचा मान हौसाताई पाटलांचा. क्रांतिसिंह नाना पाटलांची ही मुलगी. सांगलीकडच्या भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर तिला एका साथीदाराने मारझोड करायची, तिने टाहो फोडायचा, पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले की बाकीच्यांनी आतल्या बंदुका पळवायच्या, असा बेत. तो तडीस गेला. हौसाताईंचं वय तेव्हा विशीच्या आत. पार्लरवालीला एकच शंका: "मार खोटा होता म्हणता, पण पुरुषमाणसाला नाटकात मारायला सांगितलं की तो हात राखतो का?"

पण कलाचोरी म्हणाल, तर आमच्या अंगणात अजिंठा आहे. जिल्हा दुसरा हे मान्य, पण जळगाव स्टेशनावर उतरून साठेक किलोमीटरवर लेणी लागतात, तेव्हा आम्ही ती आमचीच समजतो. 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ हा गोरा शिकारी वाघ शोधत आला आणि दहाव्या लेण्यात स्वतःचं नाव कोरून गेला. आपली पोरं भिंतीवर बाण मारलेला बदाम काढतात, त्या घराण्याचा हा मूळपुरुष. मग 1828 मध्ये डॉक्टर बर्ड आले आणि चित्रातल्या आकृत्या सोलून न्यायला गेले; हातात आली माती. पुढे तुकडे जातच राहिले. एक आजही बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. 1844 पासून मेजर रॉबर्ट गिल वर्षानुवर्षं नकला करत राहिला. त्यातल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा सगळं काढलं. त्यातलंही बरंचसं 1885 मध्ये लंडनलाच आगीत गेलं. दोनदा एवढा खटाटोप, दोनदा राख.

तिसऱ्यांदा बाई आली.

क्रिस्टियाना हेरिंगहॅम. वय 57 च्या पुढे, लंडनच्या डॉक्टरची बायको, अंड्याच्या बलकात रंग कालवून चित्र काढायची जुनी विद्या पुन्हा उजेडात आणणारी. चांगली चित्रं देशाबाहेर विकली जाऊ नयेत म्हणून 1903 साली इंग्लंडमध्ये निधी उभारला गेला, त्याच्या संस्थापकांत ही होती. म्हणजे चित्रं पळवणाऱ्यांची जन्माची वैरीण. 1909 ते 1911 या दोन हिवाळ्यांत ती फर्दापूरला तळ देऊन राहिली, आणि तिने काय टोळी जमवली म्हणता! कलकत्त्याचे नंदलाल बोस आणि असित हलदार, हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन, आणि बरोबर तिची तरुण मदतनीस डोरोथी लार्चर. काळोखी लेणी, वटवाघळं, आग्यामोहोळं, डुगडुगत्या शिड्या. त्यात कागद लावायचा, रेघ उतरवायची, रंग जुळवायचा. ज्याचा हात ज्यात बसलेला, त्याने ते करायचं. भिंतीचा कपचाही न काढता हे सगळे मिळून अजिंठा घेऊन गेले. 1915 मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने त्याचं पुस्तक काढलं. याला मी तरी जगातली सगळ्यात यशस्वी कलाचोरी म्हणते. ऐवज जागच्या जागी, आणि तरीही मिळाला!

मात्र हेरिंगहॅमबाईंना हे पचलं नाही. परत गेल्यावर त्यांचं मन बिघडलं. कोणीतरी आपला पाठलाग करतंय असं त्यांना वाटायला लागलं, आणि 1929 साली मरेपर्यंत त्या इस्पितळांतच होत्या. नाव कोरणारा आणि भिंत सोलणारा घरी जाऊन जेवून झोपले असणार. जिने काही नेलं नाही तिच्यामागे पावलं वाजत राहिली. हे ऐकून धुळेवाली बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तिले एक तरी मैत्रीण जवळ पाहिजे होती ना माय." डोरोथी लार्चरला ती मिळाली. तिने पुढे फिलिस बॅरनबरोबर हाताने ठसे मारून कापड छापायचा कारखाना काढला, आणि दोघींनी तो जोडीने चालवला. या कथेचा सिनेमा कोणी काढत नाही, कारण त्यात लेसरचे किरण नाहीत.

राहता राहिला आमच्या टोळीचा प्रश्न. कामं ठरली आहेत. सराफीणबाई मालाची पारख. मास्तरीणबाई वेळेचं गणित. मात्र आमच्यात पाचला जमायचं म्हणजे साडेसहा, हे धरून. पार्लरवाली वेषांतर. धुळेवालीकडे पळून जायची व्यवस्था, कारण पारोळा-एरंडोल मार्गावरची प्रत्येक एसटी तिला वेळेसकट पाठ आहे, आणि 2023 पासून आम्हा बायकांना तिकीट अर्धं. पाठलाग करणाऱ्या पुरुष शिपायाला मात्र पूर्ण पडेल, तेव्हा तो विचार करेल. माझं काम, धुळेवालीच्या मते, पकडलं जायचं. मी पोलिसांशी गप्पा मारत बसेन, मला आवरत नाही. तोवर बाकीच्या चाळीसगावला पोचतील. माझ्यातला एकमेव गुण शेवटी कोणाच्या तरी लक्षात आला.

मुहूर्त मे महिन्यातल्या दुपारचा. पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की एक ते चार जळगावात पहारेकरीच काय, कुत्रंही उभं नसतं.

अडलं होतं ते कुठे हात मारायचा यावर. जैन हिल्सवर गांधीतीर्थ आहे. पण तिथून काही उचललंच तर गांधीजींच्या फोटोसमोरून बाहेर पडावं लागेल, आणि ते आमच्याने होणार नाही. जुन्या जळगावात बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. पण त्यांचा खरा ऐवज होता तोंडात. तो मुलाने, सोपानदेवांनी, कागदावर उतरवून ठेवला आणि 1952 मध्ये तो छापून सगळ्या महाराष्ट्राला वाटून झाला, आता चोरायचं काय? धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासस्वामींच्या हातचं रामायण आहे. धुळेवालीने त्यावर नजर टाकायलाही नकार दिला. तिच्या मते ते बाड उचलताच पहिला प्रश्न येईल की आंघोळ केली का.

मग मास्तरीणबाईंनीच बॉस्टनचा विषय काढला. अजिंठ्याचा तुकडा परत आणायचा. ही चोरी नव्हे, माहेरी आणणं. शिवाय त्या म्युझियमपासून चालत काही मिनिटांवर इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर म्युझियम आहे. 18 मार्च 1990 च्या रात्री पोलिसांचे कपडे घातलेले दोघे तिथून 13 वस्तू घेऊन गेले. त्या अजून सापडलेल्या नाहीत, चित्रांच्या रिकाम्या चौकटी तशाच भिंतीवर आहेत, आणि शोधून देणाऱ्याला 1 कोटी डॉलर इनाम आहे.

1 कोटी डॉलर ऐकल्यावर सगळ्यांचे हात पिठात थांबले. सराफीणबाईंनी मनातल्या मनात तोळे केले असावेत, कारण त्यांचे ओठ हलत होते. ताबडतोब ठरलं की तुकड्याचं नंतर बघू, आधी ती 13 शोधायची. कोणाच्या तरी आईने पोटमाळ्यावरच ठेवली असणार, आणि पोटमाळे आमच्याइतके कोणी आवरलेले नाहीत. धुळेवालीने लगेच चौकशी केली, "तठे अर्धं तिकीट चालस का?" ते चालत नाही म्हटल्यावर विमानाचा खर्च भिशीतून काढायचा ठरला.

आणि इनामाचे पैसे? तेही भिशीच्या नियमानेच. एकदम वाटून घेतले तर घरी कळेल, म्हणून महिन्याला एकीने उचलायचे, चिठ्ठ्या टाकून. सध्या वाद एवढाच आहे की पहिला नंबर चिठ्ठीने लावायचा की सराफीणबाईंना द्यायचा. डिसेंबरात त्यांच्या नातीचं लग्न आहे, आणि गच्ची त्यांची आहे.